कोचिंग संपल्यावरचं वर्ष: शिकलेलं कामात टिकवायचं कसं

कंपनीने तुम्हाला लीडरशिप कोच दिला. पंधरा दिवसांतून एकदा, अशी सहा महिन्यांत दहा-बारा सेशन झाली. स्वतःबद्दल बरंच काही उमगलं, टीमलाही थोडा फरक जाणवला. आता शेवटचं सेशन जवळ आलंय किंवा नुकतंच होऊन गेलंय. पहिल्यांदाच या सगळ्यातून जात असाल, तर पुढच्या वर्षभरात काय काय करायचं ते इथे क्रमाने दिलं आहे.

शिकलेलं विरून जातं त्याची कारणं अगदी रोजच्या कामातली आहेत. कोचची तारीख कॅलेंडरवरून गेली की आठवड्यात दहा मिनिटं थांबून स्वतःकडे बघायला लावणारं कुणी उरत नाही. महिनाअखेरची धावपळ होती तशीच असते. शिवाय टीमला तुमची जुनी पद्धत पाठ झालेली असते. उत्तर तुम्हीच देणार हे माहीत असल्यामुळे ते उत्तर शोधत नाहीत, आणि ते शोधत नाहीत म्हणून शेवटी तुम्हालाच द्यावं लागतं. बाल्डविन आणि फोर्ड या अभ्यासकांनी १९८८ साली प्रशिक्षणावरच्या संशोधनाचा आढावा घेतला. शिकलेलं प्रत्यक्ष कामात उतरणं तीन गोष्टींवर अवलंबून असतं, अशी मांडणी त्यांनी केली: शिकणारा माणूस, शिकवण्याची रचना आणि कामाचं वातावरण. पहिल्या दोन गोष्टी कोचिंगमध्ये सांभाळल्या जातात. तिसरी मात्र तुम्हाला स्वतःलाच हलवावी लागते, आणि खालच्या बहुतेक पायऱ्या त्याच कामाच्या आहेत.

सोयीसाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. चाकणमधला एक कारखाना, वाहनांचे सुटे भाग बनवणारा. तिथला प्रॉडक्शन मॅनेजर, हाताखाली चार सुपरवायझर. ३६० अहवालात (साहेब, बरोबरीचे आणि हाताखालचे अशा सगळ्यांकडून घेतलेल्या अभिप्रायात) त्याच्याबद्दल आलं आहे: "कामात पक्के आहेत, पण बोलू देत नाहीत. प्रत्येक निर्णय त्यांच्याकडेच जातो." तुम्ही बँकेत, आयटीत किंवा हॉस्पिटलमध्ये असाल तर फक्त नावं बदला.

आधी हे जमवून ठेवा

- कोचिंग सुरू होताना तुम्ही, तुमचे साहेब आणि एचआर यांनी मिळून ठरवलेल्या उद्दिष्टांचं पान.
- सुरुवातीचा ३६० अहवाल. आकड्यांपेक्षा लोकांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलेल्या ओळी जास्त कामाच्या असतात. त्या वेगळ्या काढा.
- सेशनच्या तुमच्या नोंदी.
- गेल्या आठ आठवड्यांचं कॅलेंडर, प्रिंट काढून.
- एक छोटी वही, खिशात किंवा डायरीत मावेल अशी. मोबाइलमध्ये लिहायला हरकत नाही, पण मीटिंगमध्ये मोबाइल हातात घेतला की समोरच्याला वाटतं तुमचं लक्ष नाही.
- एक साधी एक्सेल शीट.

१. शेवटची दोन सेशन राखून ठेवा

ही पायरी कोचिंग चालू असतानाच करायची आहे. बारा सेशन मंजूर असतील तर दहा नेहमीच्या गतीने घ्या. उरलेल्या दोनपैकी एक तीन महिन्यांनी आणि एक सहा महिन्यांनी लावा. बहुतेक कोच याला आनंदाने तयार होतात.

अडचण येते ती कागदाची. कोचची परचेस ऑर्डर ठरावीक तारखेपर्यंतच चालते आणि बऱ्याच ठिकाणी ती ३१ मार्चला आर्थिक वर्षाबरोबर बंद होते. मुदत उलटली की उरलेली सेशन बुडतात आणि नव्या वर्षाच्या बजेटमध्ये ती पुन्हा मंजूर करून घेणं कठीण जातं. म्हणून आठव्या सेशनच्या आसपासच एचआरला मेल टाका: "शेवटची दोन सेशन अमुक आणि अमुक महिन्यात घ्यायची आहेत, त्याप्रमाणे ऑर्डरची मुदत वाढवून मिळावी." तोंडी होकारावर थांबू नका.

कोचिंग आधीच संपलं असेल, तर एक तासाच्या एकाच फॉलो-अप सेशनची मागणी करा. तेही नाही मिळालं तरी पुढच्या पायऱ्या कोचशिवाय करता येतात.

२. एकच वागणूक निवडा

उद्दिष्टांच्या पानावर साधारण तीन-चार गोष्टी असतात: ऐकून घेणं, काम सोपवणं, कठीण विषयावर स्पष्ट बोलणं, मोठ्या चित्राकडे बघणं. वर्षभर चारही धरून ठेवायच्या म्हटल्या तर एकही टिकत नाही. त्यांतली एक घ्या. जिच्यामुळे टीमचं रोजचं काम सर्वांत जास्त अडतं, ती.

मग ती अशा शब्दांत लिहा, की खोलीत बसलेल्या तिसऱ्या माणसाला ती घडली की नाही हे दिसलं पाहिजे आणि मोजता आलं पाहिजे. बहुतेक जण इथेच ढिलाई करतात.

- "चांगला श्रोता होणं" हे दिसत नाही. "सुपरवायझरने अडचण सांगितली की माझं पहिलं वाक्य प्रश्नाचं असेल" हे दिसतं.
- "डेलिगेशन वाढवणं" मोजता येत नाही. "ओव्हरटाइमचं नियोजन सुपरवायझर करेल, मी ते फक्त बुधवारी बघेन" हे मोजता येतं.
- "कठीण संवादाला सामोरं जाणं" हे कागदावरच राहतं. "कामातली चूक कळल्यापासून दोन दिवसांच्या आत, बंद खोलीत, त्या माणसाशी बोलेन" हे करता येतं.

वाक्यात "जास्त", "अधिक", "योग्य", "सकारात्मक" यांपैकी एखादा शब्द आला तर ते पुन्हा लिहा. अशा शब्दांच्या आडोशाला जुनी सवय निवांत राहते. आणि "ओरडणार नाही" असं नकारार्थी वाक्य घेऊ नका. न करण्याचा सराव करता येत नाही, त्या जागी काय करणार ते लिहावं लागतं.

३. ती वागणूक रोजच्या एका ठरलेल्या प्रसंगाला जोडा

पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात एक साधी गोष्ट दाखवून दिली. "मी हे करेन" एवढाच निश्चय करण्यापेक्षा "अमुक घडलं की मी तमुक करेन" असं आधीच ठरवलं, तर ते हातून होण्याची शक्यता बरीच वाढते. कारण प्रसंग समोर आल्यावर नव्याने विचार करावा लागत नाही.

म्हणून आठ आठवड्यांचं कॅलेंडर समोर ठेवा आणि हमखास होणारा, सहसा रद्द न होणारा प्रसंग शोधा. आपल्या मॅनेजरकडे असा प्रसंग आहे: सकाळची मीटिंग, पावणेनऊला, लाइनशेजारच्या बोर्डासमोर, उभ्यानेच, पंधरा मिनिटांची.

तिथे आजवर काय होत आलं आहे? सुपरवायझर म्हणतो, "सर, दोन नंबर मशीनला काल रात्रीपासून रिजेक्शन वाढलंय." त्याचं वाक्य संपायच्या आत मॅनेजर बोलतो, "टूल बदला, पहिले पाच पीस क्वालिटीला दाखवा, आणि रात्री कोण होतं त्याला माझ्याकडे पाठवा." उत्तर बहुधा बरोबरच असतं. म्हणून तर ही सवय सुटत नाही.

आता ठरवायचं वाक्य: "सकाळच्या मीटिंगमध्ये कुणी अडचण सांगितली, की मी विचारेन, 'तुला कशामुळे वाटतंय?' आणि मनात सातपर्यंत मोजेपर्यंत गप्प राहीन."

पहिल्या आठवड्यात हे अवघडच जातं. सुपरवायझर बावरतो. "तुम्ही सांगाल तसं करू, सर," एवढंच म्हणतो, कारण आजवर तेवढंच पुरत होतं. शांतता लांबते, बाकीचे बोर्डाकडे बघत राहतात. या क्षणी उत्तर दिलंत तर टीमला कळतं की प्रश्न विचारणं हा नुसता उपचार आहे, साहेब शेवटी सांगणारच. त्याऐवजी प्रश्न सोपा करा: "दोन शक्यता सांग. चुकल्या तरी चालेल." तरीही सुचलं नाही तर वेळ द्या: "ठीक आहे, साडेनऊला मशीनपाशी भेटू, तोवर रात्रीच्या शिफ्टचे रीडिंग बघून ठेव." आणि साडेनऊला नक्की जा. न गेलात तर दुसऱ्या दिवशीपासून तुमच्या प्रश्नाला वजन राहणार नाही. दोन-तीन आठवड्यांनी सुपरवायझर आपणहून म्हणायला लागतो, "रिजेक्शन वाढलंय, टूलचं आयुष्य संपलेलं दिसतंय, पण कच्चा मालही नव्या लॉटचा आहे, दोन्ही तपासतोय." तिथे पहिला टप्पा गाठला.

अपवादही आधीच लिहून ठेवा आणि टीमला सांगा. कुणाला इजा होण्याचा धोका असेल, किंवा ग्राहकाची लाइन थांबायची वेळ आली असेल, तर प्रश्न विचारत बसायचं नाही. तिथे सरळ आदेश द्यायचा. हे स्पष्ट नसेल तर दोन गोष्टी बिघडतात. धोक्याच्या वेळी तुम्ही अडखळता, आणि नंतर प्रत्येक घाईच्या प्रसंगाला "हा अपवाद" म्हणत जुन्या वाटेला लागता. दोनच अपवाद ठेवा.

४. साहेबांशी अर्धा तास बोला

ही पायरी लोक सर्वांत जास्त टाळतात, आणि ती टाळली की बाकीची मेहनत वाया जाण्याची शक्यता सर्वांत जास्त. तुमची नवी वागणूक टिकणार की नाही, हे बऱ्याच अंशी तुमच्या वरच्या माणसाच्या हातात असतं, त्यांच्या ध्यानीमनी नसलं तरी.

संध्याकाळी सातला प्लँट हेडचा फोन येतो: "दोन नंबर मशीनचा आकडा काय?" आधी आपला मॅनेजर पाच सेकंदांत सांगायचा, कारण सगळं त्याच्याच हातात होतं. आता ते सुपरवायझर बघतो, म्हणून तो म्हणतो, "विचारून सांगतो." साहेबांना वाटतं, याची कामावरची पकड सुटत चालली. असं दोन-तीनदा झालं की मॅनेजर निमूट सगळे आकडे पुन्हा स्वतःकडे ओढतो. इथे कुणाचीच नियत वाईट नाही, फक्त आधी बोलणं झालेलं नाही.

म्हणून वेळ मागून घ्या आणि तीन गोष्टी ठरवा.

पहिली, तुम्ही कोणती एक वागणूक बदलताय ते सांगा, लिहिलेलं वाक्य दाखवूनच. सेशनमध्ये काय बोलणं झालं ते सांगायची गरज नाही. ते तुमच्यात आणि कोचमध्ये राहायला हवं, आणि चांगले साहेब विचारतही नाहीत.

दुसरी, याची किंमत काय असेल ते मोकळेपणाने सांगा: "पहिले दोन महिने काही आकडे मला लगेच तोंडपाठ नसतील. दहा मिनिटांत देईन, किंवा सुपरवायझर थेट तुम्हाला सांगेल. चालेल ना?" ही परवानगी स्पष्ट शब्दांत घ्या.

तिसरी, महिन्याच्या नेहमीच्या रिव्ह्यूमध्ये पाच मिनिटं या विषयासाठी मागा. वेगळी मीटिंग ठेवू नका. ती पहिल्या महिन्यात होते, दुसऱ्यात पुढे ढकलली जाते, तिसऱ्यात कुणाला आठवत नाही.

साहेब म्हणाले, "हे सगळं ठीक आहे, पण आकडे आले पाहिजेत," तर वाद घालू नका. असा एक आकडा निवडा जो तुमच्या वागण्यामुळे खरोखर हलू शकतो. उदाहरणार्थ, दिवसातून किती निर्णय तुमच्यापर्यंत येतात, किंवा तीच अडचण महिन्यात किती वेळा परत येते. एकूण उत्पादनाचा आकडा घेऊ नका. त्यावर मागणीपासून विजेपर्यंत दहा गोष्टींचा परिणाम होतो. त्या आकड्यावरून तुमचं वागणं बदललं की नाही, ते कुणालाच ठरवता येणार नाही.

५. चार माणसांना सांगा आणि दर महिन्याला विचारा

मार्शल गोल्डस्मिथ आणि हॉवर्ड मॉर्गन यांनी आठ मोठ्या कंपन्यांतल्या नेतृत्व-विकास कार्यक्रमांचा अभ्यास २००४ साली मांडला होता. त्यातला मुख्य निष्कर्ष असा: ज्यांनी आपण काय सुधारतोय हे सहकाऱ्यांना सांगितलं आणि ठरावीक काळाने परत जाऊन विचारलं, त्यांच्यात सुधारणा झाल्याचं सहकाऱ्यांना जास्त दिसलं. कार्यक्रम वेगवेगळे होते, तरी हे सूत्र सगळीकडे आढळलं.

चौघे निवडताना दोघे हाताखालचे घ्या, एक बरोबरीचा घ्या (क्वालिटी किंवा मेंटेनन्सचा मॅनेजर), आणि चौथा असा, ज्याचं तुमच्याशी फारसं जमत नाही. चौथ्याला वगळायचा मोह होईल. पण त्याला फरक दिसला तर तो नक्की पडलेला असतो.

विचारायचं कसं, यावर बरंच अवलंबून आहे. "माझ्यात काही फरक पडला का?" असं विचारलंत तर आपल्याकडे उत्तर ठरलेलं: "हो सर, खूप." साहेबांच्या तोंडावर नाही म्हणायची रीत नाही, आणि त्यात कुणाचा दोषही नाही. म्हणून प्रश्न पुढच्या काळाबद्दल आणि कामाबद्दल ठेवा: "सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांनी जास्त बोलावं म्हणून मी पुढच्या महिन्यात एक गोष्ट वेगळी करायची झाली, तर कोणती?" मागच्या चुका काढायला माणूस कचरतो, पुढची सूचना द्यायला तितका कचरत नाही.

प्रश्न कामाबद्दलच का, यालाही आधार आहे. क्लूगर आणि डिनिसी यांनी १९९६ साली फिडबॅकवरच्या शेकडो प्रयोगांचे निकाल एकत्र तपासले. सरासरी पाहता फिडबॅकचा उपयोग होतो, पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी त्यानंतर कामगिरी घसरली होती. लक्ष कामावरून निघून "मी कसा आहे" याकडे वळलं की फिडबॅकचा परिणाम घटतो, असं त्यांचं स्पष्टीकरण होतं.

उत्तर मिळालं की म्हणायचं, "थँक्यू, लिहून घेतो." आणि लिहायचं. "हो, पण त्या दिवशी काय झालं होतं माहितीये का..." असं एकदाही सुरू केलंत तर पुढच्या महिन्यात त्या माणसाकडून खरं ऐकायला मिळणार नाही. प्रत्येक सूचना अमलात आणायचं बंधन नाही. एक निवडा, आणि पुढच्या वेळी त्या माणसाला सांगा की त्याच्या सूचनेचं काय केलं.

जागा कँटीनमध्ये चहाची किंवा लाइनवर चालता चालताची. केबिनमध्ये बोलावून दार लावलंत तर सुपरवायझरला वाटतं काहीतरी चुकलं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मुळीच विचारू नका.

६. आठवड्याची पंधरा मिनिटं

आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी पंधरा मिनिटं स्वतःसाठी बाजूला ठेवा. भोसरी-चाकण पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते, त्यांच्यासाठी बुधवार. ऑफिसवाल्यांसाठी शुक्रवार, पण चारच्या आधी.

एक्सेलमध्ये पाच रकाने पुरेत: आठवडा, किती प्रसंग आले, त्यांत किती वेळा ठरलेलं वागलो, चुकलो तेव्हा आधी काय झालं होतं, पुढच्या आठवड्यासाठी एक बदल. रोज मीटिंग संपताच वहीत काड्या मारल्या तर आकडे आयते मिळतात. आठवड्याच्या शेवटी आठवून लिहिलेले आकडे भरवशाचे नसतात, मनाला बरे वाटणारेच प्रसंग लक्षात राहतात.

एक नोंद अशी दिसेल: "आठवडा ५. प्रसंग १४, जमले ९. चुकलेल्या ५ पैकी ४ सोमवारी, त्याआधी ग्राहकाचा फोन. बदल: सोमवारी ग्राहकाचा फोन मीटिंगनंतर घेणे." चौथा रकाना सर्वांत मोलाचा आहे. चुका विखुरलेल्या नसतात. एखादा वार, एखादा माणूस किंवा एखादा फोन यांच्याभोवती त्या गोळा झालेल्या असतात, आणि ते कळलं की उपाय बहुधा वेळापत्रकातच सापडतो.

सवय लागायला किती दिवस लागतात? एकवीस दिवसांचा आकडा सगळीकडे ऐकू येतो, त्यावर विसंबू नका. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडायला लागलेल्या काळाचा मध्य ६६ दिवस आला, आणि माणसामाणसांत तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत गेला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. त्या सवयी खाण्यापिण्याच्या आणि व्यायामाच्या होत्या. माणसांशी वागण्याची सवय त्याहून गुंतागुंतीची, म्हणून सहा महिन्यांचा हिशोब धरा.

७. घसरण कधी होणार ते कॅलेंडरवर आधीच लिहा

महिन्याचे शेवटचे चार दिवस, मार्चअखेर, ग्राहकाचं ऑडिट, मोठी भरती किंवा एकदम तीन जणांचे राजीनामे, साहेबांची बदली. या तारखा आणि प्रसंग कॅलेंडरवर लाल करा. या दिवसांसाठी वागणुकीचं कमीत कमी रूप ठरवून ठेवा. एरवी प्रत्येक अडचणीवर प्रश्न, तर महिनाअखेरीला मीटिंगमध्ये निदान एका अडचणीवर. पूर्ण बंद पडू देऊ नका, कारण थांबलेलं पुन्हा सुरू करायला फार जड जातं.

आणि तरीही एखाद्या दिवशी सगळ्यांसमोर सुपरवायझरला झापलं जाईल. तेव्हा दुसऱ्या दिवसाच्या आत, तितक्याच लोकांसमोर, एवढंच बोला: "काल मी तुझं पूर्ण ऐकून घेतलं नाही. ते चुकलं. आज आधी तू सांग." ग्राहकाचा दबाव होता वगैरे कारणं जोडू नका. झापणं चारचौघांत आणि माफी केबिनमध्ये, हा प्रकार टीमच्या लक्षात राहतो.

प्रसंग मोठा असेल तर अमेरिकी लष्करात वापरतात ते चार प्रश्न टीमबरोबर घ्या: काय व्हायचं ठरलं होतं, प्रत्यक्षात काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय करायचं. वीस मिनिटं पुरतात. आपल्याकडे गाडी तिसऱ्या प्रश्नावरून "चूक कुणाची" कडे घसरते, म्हणून पहिलं उत्तर स्वतःच्या वाट्याच्या चुकीने सुरू करा.

८. सवय व्यवस्थेत उतरवा

तिसऱ्या महिन्यापर्यंत वागणूक थोडी बसलेली असते. आता ती तुमच्या लक्षात राहण्यावर सोडू नका, कामाच्या रचनेतच घाला. माझ्या मते वर्षभराच्या मेहनतीतलं सर्वांत टिकाऊ काम हेच.

बोर्डावर "अडचण" या रकान्याच्या शेजारी आणखी एक रकाना आखा: "माझा प्रस्ताव". तो सुपरवायझरने मीटिंगच्या आधी भरायचा. रकाना रिकामा असला की तुमचा प्रश्न आपोआप सुचतो, आणि तुम्ही रजेवर असलात तरी पद्धत चालू राहते.

दुसरं म्हणजे निर्णयांची यादी करा. दोन आठवडे तुमच्याकडे आलेला प्रत्येक निर्णय वहीत लिहा. मग त्यांचे तीन गट करा: सुपरवायझरने घ्यायचे आणि सांगायचीही गरज नाही, सुपरवायझरने घ्यायचे आणि त्याच दिवशी कळवायचे, आधी विचारायचे. प्रत्येकापुढे मर्यादा स्पष्ट लिहा. नुसतं "छोटी खरेदी" लिहिलं तर कुणीच घेणार नाही. "५,००० रुपयांपर्यंतचं सुटं सामान", "एका शिफ्टमध्ये दोन माणसांपर्यंत ओव्हरटाइम", "एका लॉटपर्यंत रीवर्क" असं लिहा. रकमा तुमच्या कंपनीच्या अधिकार-मर्यादेत बसवा आणि साहेबांची सही घ्या. सही नसेल तर पहिल्या चुकीच्या निर्णयानंतर यादी कचऱ्यात जाते.

आणि चुकीचा निर्णय होईलच. मर्यादेच्या आत राहून घेतलेला निर्णय चुकला तर त्या माणसाकडून अधिकार काढून घेऊ नका. वरचे चार प्रश्न विचारा, मर्यादा तीच ठेवा. पहिल्या चुकीला तुम्ही काय करता, हे चारही सुपरवायझर बघत असतात.

९. तीन, सहा आणि बारा महिन्यांची तपासणी

पूर्ण ३६० पुन्हा करू नका, खर्चिक पडतं आणि लोक प्रश्नावलीला कंटाळतात. एचआरकडून छोटी विचारणा करून घ्या. निदान पाच जण हवेत, नाहीतर कुणी काय लिहिलं ते ओळखता येतं. प्रश्न दोनच: "गेल्या तीन महिन्यांत या बाबतीत किती फरक दिसला?" उणे तीन ते अधिक तीन या मापावर. आणि "पुढे काय करावं, एक सूचना."

एचआरवाले कोचिंगच्या शेवटी एक समाधानाचा फॉर्म भरून घेतात आणि फाइल बंद करतात. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली प्रशिक्षण मोजण्याच्या चार पातळ्या मांडल्या: आवडलं का, शिकले का, वागणं बदललं का, कामावर परिणाम झाला का. तो फॉर्म पहिल्या पातळीवरच थांबतो. तुमची शीट, ही छोटी विचारणा आणि साहेबांशी ठरवलेला आकडा मिळून तिसरी आणि चौथी पातळी भरून निघते. पुढच्या वर्षी तुमच्या सुपरवायझरसाठी कोचिंग मागायचं असेल तर हेच कागद पुढे करा.

सहाव्या महिन्याला छोट्या विचारणेतला सरासरी आकडा अधिक एकच्या वर असेल आणि एक्सेलमध्ये सलग सहा आठवडे चारपैकी तीन प्रसंग जमत असतील, तर दुसरी वागणूक घ्यायला हरकत नाही. पहिलीची मोजणी महिन्यातून एका आठवड्यापुरती चालू ठेवा. आकडा शून्याच्या आसपास अडकला असेल तर आधी वाक्य तपासा, वागणूक फार मोठी किंवा धूसर निवडली गेलेली असते. वाक्य ठीक असेल तर पायरी ४ कडे परत जा.

कोचला पुन्हा कधी बोलवायचं

राखून ठेवलेल्या सेशनखेरीज तीन वेळा: तुमची बदली किंवा बढती झाली, साहेब बदलले, किंवा चौथ्या रकान्यात सलग महिनाभर एकाच माणसाचं नाव येत राहिलं. नव्या जागी गेलात तर जुनं वाक्य जसंच्या तसं नेऊ नका. पहिले तीन आठवडे फक्त नव्या टीमच्या ठरलेल्या मीटिंग बघा, त्यांतली एक निवडा आणि पायरी ३ पासून सुरू करा. साहेब नवे असतील तर पायरी ४ चा अर्धा तास त्यांच्या पहिल्या पंधरवड्यातच मागून घ्या, त्यांचं तुमच्याबद्दलचं मत पक्कं व्हायच्या आत.